मत्तवारणीचे पहारेकरी: वत्सगुल्म, वऱ्हाडची रंगभूमी आणि तिची भुते

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा होऊन अस्तित्वात आला. परंतु ज्या नगरावरून त्याला नाव मिळाले, त्या नगराचा नाट्याशी असलेला संबंध अकराशे वर्षांहून जुना आहे. रंगभूमीचा इतिहास पाहायला निघालेला प्रवासी एरवी गावातले जुने नाट्यगृह शोधतो, त्याचे टिनाचे छत, विटलेला पडदा आणि गावकऱ्यांच्या तोंडी असलेली त्या वास्तूतल्या भुताची गोष्ट टिपून घेतो आणि पुढच्या गावाला लागतो. वाशिमला आलेल्या प्रवाशाने मात्र आरंभ इमारतीपासून न करता नगराच्या नावापासून करावा, कारण नाट्यगृहात भूत का असते, या प्रश्नाचे उत्तर ज्या ग्रंथपरंपरेत सापडते, तिच्यात या नगराचे नाव मानाने घेतलेले आहे.

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, काळ्या जमिनीतील कापूस, तूर आणि सोयाबीनच्या शेतांमधून प्रवास केल्यावर वाशिम लागते. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हाती आल्यावर हे जिल्ह्याचे ठिकाण होते. १९०५ च्या फेररचनेत तो जिल्हा मोडला आणि पुढे नव्वदांहून अधिक वर्षे वाशिम अकोला जिल्ह्यात राहिले. नागपूरकर भोसल्यांच्या पदरी असलेल्या भवानी काळू यांनी अठराव्या शतकात बांधलेले बालाजीचे मंदिर हे आजच्या गावाचे मुख्य दैवतस्थान असून, पद्मतीर्थ हे त्याहूनही जुन्या स्मृतीशी जोडलेले कुंड आहे. वत्स नावाच्या ऋषीने येथे तप केले आणि त्याच्या भोवती देवांचा गुल्म, म्हणजे समुदाय, जमला म्हणून या क्षेत्राला ‘वत्सगुल्म’ म्हणू लागले, अशी स्थलकथा आहे. वासुकी नावाच्या राजाचा कुष्ठरोग येथील पाण्याने गेला, ही दुसरी आख्यायिका त्याच नावाच्या आधाराने वाढलेली आहे.

आख्यायिकेच्या जोडीला ताम्रपटाचा पुरावा १९३९ मध्ये मिळाला. वाशिम येथे सापडलेला हा ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले दानपत्र, वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेला असून, त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात आणि प्रत्यक्ष दानाचा व्यवहार प्राकृतात लिहिलेला आहे. वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा येथून राज्य करीत होती, ही गोष्ट याच पटामुळे इतिहासाला निश्चितपणे कळली आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला. या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन हा स्वतः प्राकृत कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे काव्य आज उपलब्ध नाही, परंतु आनंदवर्धनासारख्या काव्यशास्त्रकाराने त्याची दखल घेतलेली आहे. याच शाखेतील हरिषेण राजाच्या काळात, त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ वे लेणे कोरविले. आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात, वादक स्त्रियांच्या घोळक्यात नाचणारी जी नर्तकी दिसते, तिच्याकडे पाहिले की त्या राजवटीच्या छायेतील नृत्यसभा कशा असतील, याची कल्पना करता येते.

सर्वसेनाच्या मागून सुमारे पाच-सहाशे वर्षांनी राजशेखर हा कवी कनौजच्या प्रतिहारांच्या दरबारी होऊन गेला. त्याच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात काव्यपुरुषाची एक कथा आहे, जी खरे पाहता एक प्रवासवर्णनच आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून घराबाहेर पडतो, आणि त्याला वळवून आणण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधू नावाची कन्या निर्माण करून त्याच्या मागे पाठविते. ती पूर्वेकडे जाते, पांचालात जाते, अवंतीत जाते आणि शेवटी दक्षिणेकडे वळते; प्रत्येक देशात ती निराळा वेष धारण करते, निराळे नृत्यगीत करते, आणि काव्यपुरुष तिला जसजसा प्रसन्न होतो तसतसे त्याचे बोलणे बदलत जाते. राजशेखर वेषाच्या रचनेला ‘प्रवृत्ती’, हालचाल व नृत्यगीताच्या रचनेला ‘वृत्ती’ आणि वचनाच्या रचनेला ‘रीती’ म्हणतो, आणि नाट्याचे तिन्ही घटक या एका प्रवासात गुंफून टाकतो. पूर्वेला गौडी रीतीने बोलणारा काव्यपुरुष पांचालात पांचाली रीतीवर येतो, आणि दक्षिणेत साहित्यविद्यावधूच्या पूर्णपणे अधीन झाल्यावर त्याच्या मुखातून वैदर्भी रीती प्रकटते. तिच्या सोबतीची वृत्ती कैशिकी, म्हणजे गीत, नृत्य आणि शृंगार यांनी नटलेली लालित्यपूर्ण शैली होय. त्या दोघांचा गांधर्वविवाह जेथे होतो ते, कामदेवाचे क्रीडास्थान म्हणून वर्णिलेले विदर्भातील नगर म्हणजे वत्सगुल्म. भारतभर फिरून आलेल्या नाट्यकलेचा मुक्काम एका संस्कृत आचार्याने वाशिमला ठरविला, ही या नगराच्या रंगभूमीच्या इतिहासातील पहिली आणि सर्वांत मोठी नोंद आहे.

राजशेखराचीच दुसरी नोंद भूतलोकाच्या जवळ जाणारी आहे. त्याचे ‘कर्पूरमंजरी’ हे ‘सट्टक’, म्हणजे संपूर्ण प्राकृतात रचलेले, नृत्यप्रधान नाटक असून, त्याचा प्रयोग त्याची विदुषी पत्नी अवंतिसुंदरी हिच्या इच्छेवरून झाल्याचे प्रस्तावनेत सांगितले आहे. त्यात भैरवानंद नावाचा कौलमार्गी सिद्ध राजाच्या दरबारात येतो आणि हवे ते चमत्कार करून दाखवितो. त्या वेळी विदूषक दक्षिणापथातील ‘वच्छोम’ नगरात पाहिलेल्या एका कन्यारत्नाचा उल्लेख करतो, आणि क्षणात ती कन्या, अंगावर स्नानाचे ओले वस्त्र आणि केसांतून निथळणारे पाणी अशा स्थितीत, रंगमंचावर अवतरते. वच्छोम हे वत्सगुल्माचेच प्राकृत रूप. नाटकाच्या चौथ्या अंकात चर्चरी नावाचे समूहनृत्य आहे, आणि त्यात काही नर्तकी राक्षसींचे प्रतिशीर्षक, म्हणजे डोक्यावरून घालायचे मुखवटे, चढवून, हुंकार आणि फेत्कार करीत, हाती नरमांसाचा बळी धरून स्मशानाचा अभिनय करतात. वाशिमची नायिका आणि मुखवट्यांतली भुते अशा रीतीने एकाच प्रयोगात येतात, आणि प्रेक्षक दोघांकडेही तितक्याच आनंदाने पाहतात.

हा आनंद कोठून येतो, हे समजण्यासाठी भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’कडे वळावे लागते. पहिल्या अध्यायातील कथेप्रमाणे इंद्रध्वजाच्या उत्सवात पहिले नाटक झाले आणि त्यात दैत्यांचा पराभव दाखविला गेला, तेव्हा विरूपाक्षाच्या पुढारीपणाखाली ‘विघ्न’ नावाच्या अदृश्य शक्तींनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवून टाकली. ऐन प्रयोगात शब्द न आठवणे, पाय जागचा न हलणे, आवाज न फुटणे हे नटाच्या आयुष्यातले सर्वांत मोठे भय आहे, आणि भरताने रंगभूमीवरील पहिली भूतबाधा नेमकी त्याच भयाच्या रूपात सांगितली आहे. इंद्राने आपल्या ध्वजदंडाने त्या विघ्नांना जर्जर केले, म्हणून त्या दंडाला ‘जर्जर’ हे नाव पडले. तरीही उपद्रव थांबेना, तेव्हा ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधविले आणि त्याच्या प्रत्येक भागावर रक्षक नेमले.

या नेमणुकांची यादी लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. नेपथ्यगृहात, म्हणजे नट जेथे वेष करतात तेथे, मित्र, वेदीवर अग्नी, उंबरठ्यावर यमदंड, आणि दाराशी द्वारपाल म्हणून नियती आणि मृत्यू. रंगपीठाच्या दोन्ही बाजूंना ‘मत्तवारणी’ नावाचे चार खांबांचे ओटे असतात, आणि त्यांच्या खांबांवर भुते, यक्ष, पिशाच्चे व गुह्यक यांना पहाऱ्यास ठेवलेले आहे. तर रंगपीठाच्या खाली, जमिनीच्या पोटात, पाताळात राहणारे यक्ष, गुह्यक आणि नाग यांची योजना आहे. जर्जराच्या पाचव्या पेरावर शेष आणि तक्षक यांच्यासह जो वासुकी बसविला आहे, त्याचेच नाव पद्मतीर्थाच्या आख्यायिकेतील राजालाही आहे. भरताच्या दृष्टीने नाट्यगृहातले भूत म्हणजे तेथे नेमणूक झालेला पहारेकरी होय. यानंतर ब्रह्मदेव विघ्नांना समजावून सांगतो की नाट्य हे एकट्या देवांचे नसून तिन्ही लोकांच्या भावांचे अनुकीर्तन आहे, आणि तिसऱ्या अध्यायात रंगदैवतांच्या पूजेत भूतगणांचाही वाटा सांगितलेला आहे. त्या पूजेच्या शेवटी जलकुंभ फोडला जातो आणि नाट्याचार्य पेटलेली दिवटी घेऊन सगळा रंगमंच उजळून टाकतो. आजही मराठी रंगभूमीवर पहिल्या प्रयोगापूर्वी नारळ फुटतो, नटराजापुढे दिवा लागतो आणि नट रंगमंचाला हात लावून तो कपाळाला नेतो. या कृतींचा भाव त्या जुन्या रंगपूजेपासून दूर गेलेला नाही.

भरताने सांगितलेल्या मध्यम आकाराच्या आयताकृती नाट्यगृहाची लांबी ६४ हात आणि रुंदी ३२ हात आहे. दीड फुटाचा हात धरला तर ही वास्तू सुमारे ९६ फूट लांब आणि ४८ फूट रुंद भरते. यापेक्षा मोठी वास्तू बांधू नये, कारण तीत नटाचा आवाज विरतो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, असे कारण भरत देतो. शिवाय ती डोंगरातल्या गुहेसारखी, लहान गवाक्षांची आणि वारा न खेळणारी असावी, म्हणजे स्वर घुमतो. आता ज्या वास्तूत दिवसा अंधार असतो, हवा कोंडलेली असते आणि एका टोकाला कुजबुजलेला शब्द दुसऱ्या टोकाला घुमून पोहोचतो, ती रिकामी झाल्यावर माणसाच्या कानाला काय काय ऐकवील, हे सांगायला नको. विसाव्या शतकाच्या आरंभी गावोगाव उभ्या राहिलेल्या नाट्यगृहांना तर लाकडी फळ्यांचा मंच आणि टिनाचे छत होते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात दिवसभर तापून फुगलेला टिन मध्यरात्रीनंतर निवताना आकसतो आणि छताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टकटक आवाज करीत जातो. वाळलेल्या फळ्या ताण सुटताच अशा कुरकुरतात की कोणी त्यांवरून चालत गेल्याचा भास व्हावा. रात्री रिकाम्या मंचावर घुंगरू वाजल्याच्या आणि पावले ऐकू आल्याच्या कथांमागे हे साधे कारण उभे असते, आणि ते कळल्यावरही कथा सांगितली जातेच, कारण ती टिनाची नसून तेथे वावरून गेलेल्या माणसांची असते.

त्या माणसांच्या भुताला मराठीत कोणते नाव द्यावे, हे ठरविताना वाशिमहून ईशान्येला असलेल्या कारंजा गावाकडे जावे लागते. मराठी लोकसमजुतीत प्रत्येक भुताची जात ठरलेली आहे. मुंज झाल्यानंतर सोडमुंजीपूर्वी मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. वाटसरूला रात्रभर एकाच शेतात फिरवितो तो चकवा. भुतांचा सेनापती तो वेताळ. आणि ज्याचे काही घेणे या जगात राहून गेले आहे, जो त्या घराला, ठेव्याला किंवा माणसाला धरून राहतो, तो समंध. ‘संबंध’ या शब्दाचेच हे लोकरूप होय. कारंजा हे परंपरेनुसार नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान, आणि त्यांचे चरित्र सांगणाऱ्या ‘गुरुचरित्रा’च्या विसाव्या अध्यायात समंधाचा अर्थ अचूक उलगडला आहे. शिरोळच्या एका स्त्रीची मुले जगत नसत. पूर्वजन्मी तिने एका ब्राह्मणाचे द्रव्य घेऊन परत केले नव्हते, त्यापायी त्याने जीव दिला आणि तोच ब्रह्मसमंध होऊन तिच्या मुलांना गिळीत होता. येथे भूत म्हणजे न फेडलेले देणे, आणि ते फेडले की भूत सुटते.

हा अर्थ मनात धरला म्हणजे नाट्यगृहाचे भूत समंधाच्याच जातीचे ठरते, कारण त्याचे नाते वास्तूशी आणि तेथे राहून गेलेल्या देण्याशी असते. विदर्भाने या देण्याचा भयानक भाग रंगमंचावर कधी टाळला नाही. मूळचा विदर्भातील पद्मपूरचा भवभूती (हे पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचे पदमपूर, असे मिराशींचे मत आहे) ‘मालतीमाधवा’च्या पाचव्या अंकात नायक माधवाला मध्यरात्री स्मशानात आणतो; प्रेमात निराश झालेला हा तरुण भुतांना नरमांस विकायला निघालेला असतो. तेथेच चामुंडेच्या देवळात अघोरघंट आणि कपालकुंडला मालतीचा बळी देणार असतात, आणि भुतांच्या गराड्यात आला म्हणूनच माधव तिला वाचवू शकतो. स्मशानातून गेल्याखेरीज मंगलकार्य होत नाही, ही या नाटकाची रचनाच आहे.

आधुनिक मराठी रंगभूमीने हाच धागा आपल्या पद्धतीने पुढे नेला. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले आणि त्यातून जी पौराणिक नाटके महाराष्ट्रभर पसरली, त्यांत देवपार्टी आणि राक्षसपार्टी असे नटांचे दोन गट असत. राक्षसाच्या प्रवेशाच्या वेळी मशालीच्या ज्योतीवर बारीक कुटलेली राळ, म्हणजे साल वृक्षाचा वाळलेला डिंक, मुठीने फेकत. त्यासरशी पिवळी ज्वाळा भपकन वर उसळे, क्षणभर सगळा मांडव उजळून पुन्हा काळोखात बुडे, आणि त्या धुरातून आरोळी ठोकीत, तलवार परजीत राक्षस पुढे येई. पुढल्या रांगेतली मुले आईच्या पदरात तोंड लपवीत आणि एका डोळ्याने पाहतही राहत.

अकोल्याच्या शाळेत शिकलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी शेक्सपिअरचा ‘हॅम्लेट’ मराठीत ‘विकारविलसित’ या नावाने आणला. त्यांच्यावर प्रभाव असलेले अकोल्याचे शिक्षक विष्णु मोरेश्वर महाजनी हेही शेक्सपिअरचे रूपांतरकार होते. बुद्धिवादाचा एवढा कडवा पुरस्कर्ता ज्या नाटकाकडे वळला, त्याची सारी कृती तटावर येणाऱ्या बापाच्या भुतावरून सुरू होते, आणि तेही भूत न फेडलेले देणे मागायलाच आलेले असते. भुतावर विश्वास न ठेवणाऱ्या आगरकरांना भुताच्या मागणीतला न्याय मात्र नाकारता आला नसावा, असे त्यांच्या या निवडीवरून वाटते.

रेल्वेच्या सोयीने संगीत नाटकमंडळ्या वऱ्हाडात येऊ लागल्या. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी अरुंदमापी गाडी, जी आता थांबली आहे, लोकांच्या तोंडी ‘शकुंतला’ याच नावाने राहिली; ज्या कथेवर अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये संगीत नाटकाचा पाया घातला, तिच्या नायिकेचे हे नाव या रुळांवर योगायोगाने का होईना, पण फार शोभले. अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांची ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि ‘रणदुंदुभि’ ही नाटके मोठ्या मंडळ्यांनी केली. अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात १३ नोव्हेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर परिषद भरली, यावरून प्रांतिक नाट्यगृह हे गावाच्या विचाराचेही घर कसे होते, हे दिसते. ज्या वास्तूत माणसे गायली, रडली आणि हक्कासाठी उभी राहिली, तिच्या भिंती रिकाम्या झाल्यावर मुक्या राहत नाहीत, असे गावाला वाटले तर त्यात नवल नाही.

इतर देशांतही हीच भावना आढळते. लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात राखाडी पोशाखातला एक पुरुष दिवसाढवळ्या वरच्या सज्जात दिसतो, आणि तो दिसला तर नाटक चालणार, असे तेथील नट मानतात. पाश्चात्त्य नाट्यगृहांतून रात्री सगळे निघून गेल्यावर मोकळ्या मंचावर एक दिवा जळत ठेवण्याची रीत आहे; पाय घसरून कोणी पडू नये, हे तिचे व्यावहारिक कारण, आणि भुतांना उजेड असावा, ही तिची कथा. भरताचा नाट्याचार्य दिवटी घेऊन जो रंगमंच उजळीत असे, त्याच्याशी या एकट्या दिव्याचे नाते ओळखता येते.

प्रवास पुन्हा पद्मतीर्थाच्या काठी येऊन थांबतो. ज्या नगरात नाट्याची वेषभूषा, नृत्य आणि वाणी यांचा विवाह लागला असे राजशेखराने सांगितले, त्याच्या परिसरात आज प्रवाशाला देवळाचे आवार, जत्रेतला मांडव, तमाशाची कनात आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाचा मंच अशा अनेक रूपांत नाट्यगृह भेटते. भरताच्या यादीत मत्तवारणीच्या खांबावर उभ्या असलेल्या भुताला नेमणूक मिळाली ती प्रयोगाच्या रक्षणासाठी. प्रयोगच होत नसेल तर पहारेकऱ्याला राखायला काही उरत नाही, आणि मग तो समंध होतो, गावाकडे आपले देणे मागत बसतो. बंद पडलेल्या नाट्यगृहाविषयी भुताची गोष्ट सांगणारे गाव खरे म्हणजे आपल्यावरच्या एका ऋणाची कबुली देत असते: तेथे गायलेल्यांचे, राळेच्या धुरात घसा फोडणाऱ्यांचे, पडद्यामागे दोर ओढणाऱ्यांचे ऋण. ते फेडण्याची रीत गुरुचरित्राने आणि नाट्यशास्त्राने वेगवेगळ्या शब्दांत सांगितली आहे, आणि ती अवघड नाही. दार उघडावे, उंबरठ्यावरच्या यमदंडाला नमस्कार करून आत जावे, नारळ फोडून दिवा लावावा आणि तिसरी घंटा द्यावी. पडदा वर गेला की खांबावरची भुते पुन्हा आपापल्या पहाऱ्यावर उभी राहतात.